स्लो कुकरमध्ये स्वस्तात बीफ स्ट्यू: तीन शनिवारांचा हिशेब

४ जानेवारी २०२५ ला शिकागोच्या एका उपनगरात, जुन्या वस्तूंच्या दुकानात, सहा क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटर) स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद उष्णतेने तासन्‌तास शिजवणारं भांडं, आठ डॉलरला मिळाला. त्यातून मनासारखा बीफ स्ट्यू निघाला तो २५ जानेवारीला. मधले दोन शनिवार फसले. दोन्ही वेळा कारण एकच होतं: मटणाचा रस्सा आणि प्रेशर कुकर यांची हाताला पडलेली सवय या भांड्यात जशीच्या तशी वापरली. ज्यांच्या घरी हे भांडं नुकतंच आलंय आणि पहिल्यांदा त्यात मांस घालायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

सुरुवात कुकरपासूनच. वापरलेला घेतला तर आधी त्याची पाण्याने परीक्षा घ्यायची. ५ जानेवारीला, रविवारी, सकाळी नऊ वाजता आतलं चिनी मातीचं भांडं दोन तृतीयांश पाण्याने भरलं, झाकण लावलं, ‘लो’वर ठेवलं आणि आठ तास हात लावला नाही. संध्याकाळी पाचला झाकण काढून लगेच थर्मामीटर बुडवला: १९४ फॅरनहाइट, म्हणजे ९० सेल्सिअस. हे माप १८५ ते २०० फॅरनहाइटच्या (८५ ते ९३ सेल्सिअस) मध्ये आलं पाहिजे. त्याखाली असेल तर कुकर अन्न पुरेशा वेगाने तापवत नाही. त्यात मांस शिजवू नका, आठ डॉलर गेले असं समजा. झाकण काढल्यावर पाणी बघता बघता दहा-पंधरा अंश उतरतं, म्हणून थर्मामीटर आधीच हातात हवा. साधा डिजिटल थर्मामीटर बारा डॉलरला मिळतो आणि पुढे मांसालाही लागतोच. कुकरच्या बुडाशी मॉडेल क्रमांक असतो, तो अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून ते मॉडेल परत मागवलेल्यांपैकी नाही ना, तेही पाहून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे. वायर कडक झालेली किंवा भांड्याला तडा गेलेला असेल तर तिथेच सोडून द्या.

आणि हा कुकर पुढे कधी भारतात न्यायचा बेत असेल तर तो सोडा. अमेरिकेतला कुकर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३०. तेवढ्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर ओढत नेण्यापेक्षा तिकडेच नवा घेतलेला परवडतो.

या भांड्याचं काम कसं चालतं ते कळलं की पुढच्या अर्ध्या चुका होत नाहीत. विजेची तार भांड्याच्या कडेने फिरवलेली असते, माती हळूहळू तापते, वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली येते. आत दाब नसतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० सेल्सिअसच्या आसपास जातं म्हणून चाळीस मिनिटांत काम होतं. इथे ते शंभराच्या खालीच राहतं, म्हणून आठ तास. ‘हाय’ आणि ‘लो’ म्हणजे गॅसची मोठी-लहान आच नव्हे. बहुतेक कुकरमध्ये दोन्हीकडे शेवटी जवळपास तेच तापमान येतं, फक्त ‘हाय’वर लवकर आणि ‘लो’वर उशिरा. या कल्पनेचं मूळ ज्यू घरांतल्या चोलेंटमध्ये आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी भरलेलं भांडं रात्रभर भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवायचं. आईकडून ऐकलेल्या त्या पदार्थावरून आयर्व्हिंग नॅक्सन यांनी विजेवरचं भांडं बनवलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. स्वस्त, कष्टाळू स्नायूचं मांस रात्रभर मंद उबेत ठेवून मऊ करायचं, हाच तेव्हापासूनचा त्याचा उपयोग.

शनिवार, ११ जानेवारी. पहिला प्रयत्न. दुकानात ‘स्ट्यू मीट’ लिहिलेला, तुकडे केलेला डबा घेतला, दोन पौंड, ८.४९ डॉलर पौंडाने. कांदा, गाजर, बटाटा, सगळं कच्चंच भांड्यात टाकलं आणि रश्श्याच्या अंदाजाने पाच कप पाणी ओतलं. आठ तासांनी झाकण काढलं तेव्हा राखाडी मांस पिवळट पाण्यात पोहत होतं. काही तुकडे कोरडे, दोऱ्यासारखे सुटणारे, काही चावता न येणारे.

तीन गोष्टी चुकल्या होत्या. पहिली, मांस. ‘स्ट्यू मीट’ हे कुठल्याही एका भागाचं नाव नाही. इतर तुकडे कापताना उरलेलं त्यात येतं, खांद्याचंही आणि मागच्या मांडीचंही. मांडीच्या मांसात चरबी आणि कोलॅजेन (स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) दोन्ही कमी. ते नव्वद अंशांवर गेलं की तंतू आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि आत भरून काढायला काही उरत नाही. खांद्याच्या मांसात कोलॅजेनचे पडदे भरपूर असतात. साधारण ७० सेल्सिअसच्या पुढे ते वितळू लागतात, ९० च्या आसपास वेगाने वितळतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. तोच स्ट्यूचा मऊपणा आणि तोच रश्श्याचा दाटपणा. एका डब्यात दोन्ही भाग आले तर दोघांना पुरेल अशी एक वेळ निघतच नाही. वर कापणावळ म्हणून अखंड तुकड्यापेक्षा पौंडामागे दीड डॉलर जास्त. दुसरी चूक पाण्याची. उघड्या पातेल्यात रस्सा आटतो, इथे आटत नाही. उलट मांस आणि भाज्या स्वतःचं पाणी सोडतात, त्यामुळे शेवटी घातल्यापेक्षा जास्तच निघतं. तिसरी चूक म्हणजे मांस परतलं नव्हतं. खरपूस चव यायला पृष्ठभाग १४० सेल्सिअसच्या वर जावा लागतो आणि हे भांडं तिथवर कधीच पोचत नाही. परतल्याने रस आत कोंडला जातो असं सांगतात, त्यात तथ्य नाही. परतायचं ते चवीसाठी आणि रंगासाठी.

शनिवार, १८ जानेवारी. या वेळी चक रोस्ट आणला, म्हणजे खांद्याचा अखंड तुकडा. परतून घेतला. पाणी कमी केलं. पण बटाटे पाच तासांनी वरून टाकले, कारण मटणात आपण ते शेवटीच टाकतो. शिवाय टोमॅटोचा अख्खा डबा ओतला आणि दर तासाला झाकण उचलून ढवळलं. आठव्या तासाला बटाटे दाताखाली कचकच करत होते आणि मांसही पुरतं सुटलं नव्हतं.

या भांड्यात मुळं-कंद मांसापेक्षा हळू शिजतात, म्हणून ते तळाशी आणि कडेला ठेवावे लागतात, जिथे उष्णता आधी येते, आणि तेही पहिल्यापासून. टोमॅटोच्या आंबटपणाने बटाट्याचं पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घट्ट राहतं, त्यामुळे तो आणखी अडून बसतो. पूर्ण डब्याऐवजी दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट पुरते. झाकणाचं म्हणाल तर एकदा उचललं की गेलेली उष्णता परत यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. मी सात वेळा उचललं होतं. झाकण काचेचं आहे, बाहेरून बघा. वाफेने धूसर झालं असेल तर हलकेच हलवा, थेंब ओघळतात आणि आतलं दिसतं.

त्याच दिवशी एक मोलाची गोष्ट कळली. पाचव्या तासाला तुकडा काढून चावून पाहिला तर चामड्यासारखा. वाटतं की जास्त शिजलं, बंद करावं. तसं नसतं. स्नायूचे तंतू तोवर आवळलेले असतात आणि कोलॅजेन अजून वितळलेलं नसतं, त्यामुळे मधल्या तासांत मांस सगळ्यात वाईट लागतं. चकचा तुकडा चिवट लागला तर वेळ वाढवायची. थर्मामीटर तुकड्याच्या मधोमध टोचून १९५ ते २०५ फॅरनहाइट (९० ते ९६ सेल्सिअस) दाखवू लागला आणि काटा टोचून फिरवल्यावर तुकडा आपोआप उलगडला की झालं. बीफचा अखंड तुकडा १४५ फॅरनहाइटला खायला सुरक्षित मानतात, पण ते झालं सुरक्षिततेचं माप. स्ट्यूचा मऊपणा त्याच्या खूप पुढे असतो.

आता तिसरा शनिवार, सविस्तर.

गुरुवारी, २३ तारखेला खरेदी. अमेरिकेत मांसावर दोन वेगळे शिक्के दिसतात, त्यांची गल्लत होते. गोल शिक्का तपासणीचा, तो कायद्याने सक्तीचा. ढालीच्या आकाराचा शिक्का प्रतीचा, उतरत्या क्रमाने: प्राइम, चॉइस, सिलेक्ट. हा ऐच्छिक असतो आणि कत्तलखाना त्यासाठी पैसे मोजतो. तो नसला म्हणून मांस तपासलेलं नाही असं होत नाही. स्ट्यूला प्राइमवर पैसे घालवू नका. नाव मात्र नीट वाचा: ‘चक रोस्ट’ किंवा ‘चक शोल्डर’. ‘राउंड’ (मागची मांडी) लिहिलेलं ठेवून द्या. विक्रीची तारीख जवळ आलेल्या पाकिटांवर दुकानदार सवलतीची चिठ्ठी चिकटवतात. ती सहसा सकाळी लवकर लागते, तेव्हा जावं आणि त्याच दिवशी शिजवावं किंवा गोठवावं. पाकिटात दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले असतील तिथे मांस तपकिरी दिसतं. हवा लागली नाही म्हणून तसं होतं, तेवढ्यावरून नाकारू नये. वास येत असेल किंवा हाताला बुळबुळीत लागत असेल तर मात्र नको.

तीन पौंडांचा (१.३६ किलो) चक ६.९९ च्या भावाने मिळाला: २०.९७ डॉलर. गोठवलेला असता तर फ्रीजमध्येच पूर्ण एक दिवस काढून वितळवावा लागला असता. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही. ते ४ ते ६० सेल्सिअसच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतं आणि जंतूंना वाढायला नेमकं तेच हवं असतं.

शुक्रवारी रात्री कापाकाप. मांसाचे दीड ते दोन इंचांचे तुकडे. लहान केले तर शेवटी त्यांचा भुगा होतो. बाहेरचा जाड, कडक चरबीचा थर काढायचा, आतल्या पांढऱ्या रेषा ठेवायच्या. दीड पौंड (६८० ग्रॅम) लाल सालीचे किंवा पिवळ्या गराचे बटाटे, सालीसकट, दीड इंचाच्या फोडी. भाजायचे मोठे, तपकिरी, पिठूळ बटाटे घेतले तर विरघळतात. एक पौंड (४५० ग्रॅम) गाजरं इंचभर जाड. दोन मोठे कांदे, सेलरीच्या तीन काड्या, लसणाच्या सहा पाकळ्या. मांस एका डब्यात, भाज्या दुसऱ्यात, दोन्ही फ्रीजमध्ये. बटाट्याच्या फोडी पाण्यात बुडवून ठेवल्या की काळ्या पडत नाहीत. रात्रीच मांस परतून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. अर्धवट शिजवून थंड केलेलं मांस सुरक्षित नसतं. भरलेलं मातीचं भांडंही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नये. गार माती गरम बुडावर गेली की तडकू शकते आणि तापायलाही उशीर लागतो.

शनिवार, २५ जानेवारी, सकाळी सात. मांसाचे तुकडे कागदी रुमालाने कोरडे टिपले. ओलं मांस परतलं जात नाही, वाफवलं जातं. दीड छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा जाडसर मिरपूड. बिडाचा तवा चांगला तापवून त्यात एक मोठा चमचा तेल, आणि तुकडे तीन घाण्यांत. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर पाणी सुटतं आणि तव्याचा आवाज बदलतो. चुरचुर थांबून खदखद ऐकू आली तर तुकडे जास्त झाले. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं, तीही दोनच बाजू. सगळ्या बाजू लाल करत बसायची गरज नाही. एकूण पंचवीस मिनिटं गेली. तो अर्धा तास वाचवावा असं प्रत्येक वेळी वाटतं, पण सगळ्यात जास्त चव त्याच अर्ध्या तासात तयार होते.

त्याच तव्यात कांदा आणि सेलरी पाच मिनिटं, लसूण अर्धं मिनिट, मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट विटकरी रंगावर येईपर्यंत. तव्याला चिकटलेलं तपकिरी फेकायचं नाही. दोन कप (४७५ मिलिलिटर) गरम पाण्यात दोन छोटे चमचे बीफ बुयाँ (मांसाच्या रश्श्याचा आटवलेला अर्क) विरघळवून त्यातलं अर्धं तव्यात ओतलं आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून घेतला. बुयाँ खारट असतं, म्हणून मीठ आधी बेतानेच घातलं होतं. वाइन घालायची असेल तर ती इथेच, तव्यात, निम्मी आटवून. झाकणाखाली मद्यार्क उडून जात नाही आणि कच्चा वास शेवटपर्यंत राहतो.

भांड्यात आधी बटाटे आणि गाजरं, त्यावर मांस, मग तव्यातलं सगळं आणि उरलेलं पाणी. दोन तमालपत्रं, एक छोटा चमचा वाळलेला थाइम (एक सुगंधी पाला), एक मोठा चमचा वुस्टर सॉस. पाणी मांसाच्या निम्म्यापर्यंतच येतं, वरचे तुकडे उघडे राहतात. ते पाहून आणखी ओतावंसं वाटतं. ओतू नका, चार तासांत पातळी आपोआप वर येते. भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरलेलं हवं. काठोकाठ भरलं तर मध्यभाग उशिरा तापतो आणि फार कमी भरलं तर कडेला करपतं. ७:५० ला झाकण, ‘लो’.

मग आठ तास काहीच नाही. घरी असलात तर एकच लक्ष ठेवा: वीज गेली का. तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल, तर वरून शिजलेलं दिसलं तरी ते टाकून द्यावं लागतं. जीवावर येतं, तरीही.

३:५० ला पहिल्यांदा झाकण काढलं. मांस २०१ फॅरनहाइट, काटा लोण्यात जावा तसा आत गेला, बटाटे आकार धरून मऊ. रस्सा अजून पातळच होता, तो तसाच असतो. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर तितक्याच गार पाण्यात कालवून घातलं, कुकर ‘हाय’वर केला, पंचवीस मिनिटं. कॉर्नफ्लोअर सकाळी घालायचं नाही, तासन्‌तास उष्णतेत त्याची पकड जाते. शेवटच्या दहा मिनिटांत एक कप गोठवलेले मटार, कारण आधी घातले तर ते लष्करी रंगाचे होतात. मग चव घेऊन मीठ, आणि अर्धा छोटा चमचा व्हिनेगर. आठ तासांच्या मंद शिजण्याने चव जरा सपाट होते, या थेंबांनी ती उठते. हवं तर वर पार्सली. ४:२० ला ताटात. भांड्यात चमच्याच्या पाठीला चिकटणारा, चकाकणारा रस्सा होता.

खर्च, वापरलं तेवढ्याचाच: मांस २०.९७, बटाटे १.०५, गाजर १.००, कांदे ०.९३, सेलरी ०.६३, टोमॅटो पेस्ट ०.२५, बुयाँ ०.३०, मटार ०.५०, तेल-मसाला ०.५०. विजेचं म्हणाल तर असा कुकर सव्वादोनशे-अडीचशे वॉटचा असतो. साडेआठ तासांना साधारण दोन युनिटं, म्हणजे पस्तीस सेंटच्या आसपास. एकूण २६.४८ डॉलर, आठ भरपेट वाढी, माणशी ३.३१. आणखी उतरवायचं असेल तर मांस दोन पौंडांवर आणा आणि पाव किलो बटण मश्रूम परतून घाला, किंवा एक कप जव. जव घेतले तर पाणी एक कप वाढवा आणि कॉर्नफ्लोअर वगळा. राजमा घालायचा विचार असेल तर तो आधी भिजवून वेगळा अर्धा तास खळखळून उकळलेला हवा. कच्च्या राजम्यातलं विष स्लो कुकरच्या मंद उष्णतेत मरत नाही आणि पोट फार वाईट बिघडतं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: राज्यात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीच्या नाही. म्हशीचं मांस जास्त रुक्ष असतं, त्यामुळे खांद्याचाच भाग मागा, तेल एक चमचा वाढवा आणि मऊ झालंय का ते घड्याळावर न सोडता काट्याने बघा. बोकडाचं मटण घेतलं तर खाटकाकडून खांदा आणि नळी, हाडासकट. बाकी सगळा क्रम हाच.

उरलेलं मोठ्या भांड्यात तसंच ठेवू नका. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी चव मुरलेली असते. गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, पूर्ण वाफ येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये गार स्ट्यू पुन्हा गरम करायचा नाही, त्याला फार वेळ लागतो. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतो, फक्त बटाट्याच्या फोडी वेचून काढा, गोठून वितळल्या की त्या स्पंजासारख्या होतात. मातीचं भांडं पूर्ण निवल्यावरच धुवायचं. रविवारी सकाळी डब्यातल्या स्ट्यूवर चरबीचा पिवळसर थर गोठलेला होता. तो चमच्याने उचलून वाटीत ठेवला, आणि वेचलेल्या त्याच बटाट्याच्या फोडी त्यात मिरपूड घालून तव्यावर परतल्या.